पील, पॉलिशिंग की हायड्राफेशियल? सावळ्या त्वचेसाठी निवड कशी करावी

तुम्ही कळवले आहे ते असे: वय २९, त्वचा गव्हाळ-सावळी, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने जुन्या मुरमांचे तपकिरी डाग, दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर वर्षभरापासून दिसू लागलेले फिकट वांग, आणि एकूण चेहरा निस्तेज व हाताला खरखरीत लागणारा. पंचवटीहून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रोज दुचाकीने जाणे-येणे आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न आहे. घराजवळच्या पार्लरमध्ये डायमंड पॉलिशिंग सुचवले गेले, एका क्लिनिकमध्ये ग्लायकोलिक पीलच्या, म्हणजे आम्ल लावून त्वचेचे वरचे पदर काढण्याच्या, सहा सिटिंगचे पॅकेज सांगितले, दुसरीकडे हायड्राफेशियल, आणि बहिणीने ३० टक्के टीसीए या तीव्र आम्लाची बाटली ऑनलाइन मागवून ठेवली आहे. यांपैकी सर्वांत चांगले कोणते, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी ती बाटली कुणाच्या हाताला लागणार नाही अशी बंद करून ठेवा. कारण पुढे सांगते. बाकीच्या तिन्हींपैकी एकाला सर्वांत चांगले म्हणता येणार नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावर तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, त्या त्वचेत निरनिराळ्या खोलीवर आहेत आणि त्यांतली एक, म्हणजे वांग, चुकीच्या हाताळणीने वाढते. नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गेल्या २२ वर्षांत एक्सफोलिएशनमुळे, म्हणजे त्वचेचे वरचे पदर काढण्यामुळे, चेहरा बिघडलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांच्यातील बहुतेकांच्या बाबतीत त्वचेला झेपेल त्यापेक्षा खोल जाणे किंवा दोन सिटिंगमध्ये पुरेसे अंतर न ठेवणे हेच कारण होते. म्हणून उपचाराचे नाव आणि यंत्र बाजूला ठेवून दोन गोष्टी विचाराव्यात: दोष किती खोल आहे, आणि तो सुधारण्यासाठी कमीत कमी किती इजा पुरेशी आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर साधारण १५ ते २० पदरांचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाइतकीच भरते. या पेशी भिंतीतील विटांसारख्या रचलेल्या असतात, त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो आणि प्रथिनांचे सूक्ष्म टाके त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. वय वाढले किंवा त्वचा कोरडी पडली की हे टाके वेळेवर सुटत नाहीत, मृत पेशी चिकटून राहतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि चेहऱ्यावर तेज नाही असे वाटते. एक्सफोलिएशन म्हणजे हे चिकटून राहिलेले पदर काढणे, मग ते घासून किंवा खरवडून काढा, नाहीतर आम्लाने टाके सैल करून. मात्र ज्याला आपण मळ समजून काढू पाहतो तीच भिंत शरीरातील पाणी आत धरून ठेवते आणि जंतूंना बाहेर रोखते. ती थोडी पातळ झाली तर चेहरा उजळ दिसतो. जास्त पातळ झाली तर तोच चेहरा चुरचुरतो, लाल होतो आणि कालपर्यंत चालत असलेला साबणही सोसत नाही.

आपल्या त्वचेच्या बाबतीत याहून मोठा प्रश्न रंगद्रव्याचा आहे. अमेरिकन त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात त्वचा भाजते की रापते यावरून त्वचेचे प्रकार ठरवण्याची पद्धत मांडली. सुरुवातीला त्यात गोऱ्या त्वचेचे चारच प्रकार होते, तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडील बहुसंख्य लोक चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडतात आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हीही त्यांतच आहात. या त्वचेतील रंगपेशी कोणत्याही इजेला, मग ती मुरमाची असो, भाजल्याची असो, नखाची असो की उपचाराची, जास्त रंगद्रव्य ओतून उत्तर देतात. गोऱ्या त्वचेवर जी लाली आठवडाभरात विरते, तिच्या जागी आपल्याकडे तपकिरी डाग उमटतो आणि तो महिनोन्महिने राहतो. तुमच्या हनुवटीवरचे डाग याच प्रक्रियेतून आले आहेत. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारे खोल पील आणि दुसऱ्या दिवशीचा चकचकीत चेहरा यांवर आपली निवड आधारू नये असे मी आग्रहाने सांगते, ते याच कारणासाठी.

आता तुमच्या तीन तक्रारी वेगळ्या करू. निस्तेजपणा आणि खरखर ही अगदी वरच्या मृत थराची तक्रार आहे. ती सौम्य उपचारानेही सुधारते आणि त्यासाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. मुरमांचे सपाट तपकिरी डाग बहुधा बाह्यत्वचेत असतात आणि वरवरच्या पीलला चांगला प्रतिसाद देतात. मात्र आरशासमोर बाजूने उजेड घेऊन पाहा: डागाच्या जागी खड्डा दिसत असेल, तर तो रंगाचा दोष नसून खालच्या थरातील कोलॅजन नष्ट झाल्याची खूण आहे, आणि पॉलिशिंग, हायड्राफेशियल किंवा ग्लायकोलिकच्या कितीही सिटिंग केल्या तरी तो भरून येणार नाही, त्याचे उपचार वेगळे आहेत. डाग निळसर-करडा असेल तर रंगद्रव्य खोलवर उतरले आहे असे समजावे आणि फार वेगाने फरक पडण्याची अपेक्षा ठेवू नये.

वांगाची गोष्ट निराळी आहे. वांगात रंगद्रव्य केवळ साचलेले नसते. तिथल्या रंगपेशी सतत उत्तेजित असतात आणि ऊन, दृश्य प्रकाश, उष्णता, गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या व चेहरा चोळण्याची सवय हे सर्व त्यांना चेतवत राहते. वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली पाहिले की रंगद्रव्य वरच्या थरात आहे की खोल, याचा अंदाज येतो. तो घेतल्याशिवाय वांगावर पील करू नये. त्यातही पील हा वांगाचा मुख्य उपचार नाही. सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमे हा पाया आहे, आणि तो दोन-तीन महिने नीट पाळल्यावर जे उरते त्यासाठी सौम्य पीलची जोड द्यायची असते. उलट क्रमाने, म्हणजे आधी पील आणि मग कधीतरी सनस्क्रीन, असे केले की पहिले दोन आठवडे चेहरा उजळ दिसतो आणि नंतर वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतते.

इथे थोडे थांबून एक सांगणे आवश्यक आहे, कारण उन्हाने रापले म्हणून पील करून द्या असे म्हणत येणाऱ्या अनेकांची तक्रार मुळात रापण्याची नसते. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळी त्वचा झाली असेल तर ती बहुतेकदा इन्सुलिन-प्रतिरोधाची खूण असते. तिथे साखरेची तपासणी आणि वजनाकडे लक्ष देणे हा उपचार आहे, कितीही घासले तरी ती मान उजळत नाही. कपाळाच्या कडेने आणि कानांपुढे करडा-तपकिरी रंग चढला असेल तर हेअर डायची अ‍ॅलर्जी तपासावी लागते. पाठीवर, दंडांवर, गळ्याच्या हाडांवर बारीक लहरींसारखा काळेपणा असेल तर मी पहिला प्रश्न विचारते तो आंघोळीला काय वापरता हा, आणि उत्तर फार वेळा नायलॉनची जाळी किंवा खरखरीत घासणी असे येते. मळ निघावा म्हणून वर्षानुवर्षे जोराने घासल्यानेच तिथली त्वचा काळवंडलेली असते, ती काळी दिसते म्हणून माणूस आणखी घासतो, आणि उपचारातील पहिली पायरी ती घासणी फेकून देणे हीच असते.

घासण्याच्या पद्धतींपासून सुरुवात करते. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल लावून मग मऊ, चाळलेले उटणे हलक्या हाताने फिरवणे यात काही वाईट नाही. तेलामुळे घर्षण कमी होते आणि ते वर्षातून मोजक्या दिवशी होते. मात्र अक्रोडाच्या कवचाचे किंवा साखरेचे स्क्रब आठवड्यातून तीनदा चेहऱ्यावर चोळणे, आणि त्यातही मुरमे असताना, याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्याने मुरमे फुटतात, दाह पसरतो आणि प्रत्येक फुटलेल्या मुरमामागे एक नवा डाग उरतो. लिंबाचा रस तर चेहऱ्याला लावूच नये; तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते, फोड येतात आणि रस ओघळला त्या वाटेने काळे पट्टे उठतात.

पार्लरमध्ये ज्याला डायमंड पॉलिशिंग म्हणतात ते वैद्यकीय भाषेत मायक्रोडर्माब्रेजन होय. ही पद्धत १९८५ च्या सुमारास इटलीत विकसित झाली. आधी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण त्वचेवर मारून ते पुन्हा ओढून घेत, आता बहुतेक ठिकाणी हिऱ्याची पूड बसवलेले टोक आणि हवेची ओढ वापरतात. सुजाण हातात ती फक्त मृत थर काढते, चेहरा लगेच मऊ लागतो आणि त्याच दिवशी कामावर जाता येते. निस्तेजपणासाठी ती ठीक आहे. मुरमांच्या डागांवर तिचा परिणाम माफक, आणि वांगावर मी ती करत नाही, कारण घर्षण वांगाला चेतवते. टोक एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवले किंवा ओढ जास्त ठेवली तर गालावर रेघांसारखे तपकिरी पट्टे उमटतात, आणि लग्नाआधी आठ दिवस असे पट्टे घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. चिघळलेली मुरमे असतील तर ही पद्धत टाळावी. प्रत्येक ग्राहकासाठी टोक निर्जंतुक होते की नाही, हे विचारण्यात संकोच करू नका.

डर्माप्लेनिंग म्हणजे शल्यक्रियेचे पाते त्वचेला तिरके धरून मृत थर आणि बारीक लव एकत्र काढणे. त्यानंतर लव जाड होऊन उगवते हा समज चुकीचा आहे. केसाचे मूळ पात्याच्या पोहोचेपेक्षा खूप खाली असते, फक्त कापलेले टोक बोथट असल्याने काही दिवस हाताला टोचते. सपाट, मुरूमविरहित चेहऱ्यावर मेकअप नीट बसावा यासाठी ते उपयोगी आहे. हनुवटीवर अधूनमधून मुरमे येत असतील तर पाते त्यांना छेदून जंतू पसरवील, आणि तिथे दाट, राठ केस असतील तर आधी संप्रेरकांची तपासणी करावी.

हायड्राफेशियलमध्ये पाण्याच्या भोवऱ्यासोबत हलकी ओढ आणि अगदी सौम्य आम्ले वापरतात. चारही मार्गांत जोखीम बहुधा हिच्यात सर्वांत कमी असते, आणि परिणामही तितकाच वरवरचा असतो. त्वचा ओलसर, टवटवीत दिसते, नाकावरचे काळे कण निघतात, आणि हे काही दिवस टिकते. समारंभाच्या आधी म्हणून त्याला माझी हरकत नाही. डाग किंवा वांग त्याने जातील असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

आता आम्लांकडे वळू, कारण तुमच्या डागांसाठी खरी निवड इथेच करायची आहे. पील हा शब्द ऐकून साल सोलल्यासारखे काहीतरी होईल अशी भीती वाटते, पण वरवरच्या पीलमध्ये तीन ते सात दिवस बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात आणि काहींना तेही दिसत नाही. कोणते आम्ल, किती टक्के, किती आम्लधर्मी आणि किती वेळ, या चारही गोष्टी मिळून खोली ठरते. म्हणून ३५ टक्के असा नुसता आकडा ऐकून दोन क्लिनिकची तुलना करता येत नाही.

ग्लायकोलिक आम्ल उसातही आढळते आणि या गटातील त्याचा रेणू सर्वांत लहान आहे. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या शास्त्रज्ञांनी अशा आम्लांचा माशाच्या खवल्यांसारख्या कोरड्या त्वचारोगावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला आणि तिथून ही आम्ले त्वचाशास्त्रात रुजली. रेणू लहान असल्याने ते झपाट्याने आणि काही वेळा असमानपणे आत शिरते. ठरलेल्या वेळी खायच्या सोड्याच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने ते थांबवावेच लागते. गालावर एक मिनिट जास्त राहिले, तरी डाग पडू शकतो. अनुभवी हातात ते उत्तम साधन आहे, पण पहिल्याच वेळी ७० टक्के लावणाऱ्याकडे जाऊ नका. २० किंवा ३० टक्क्यांपासून सुरुवात करून दर वेळी त्वचेचा प्रतिसाद पाहून पुढे जावे. लॅक्टिक आम्ल त्याच कुळातले, थोडे मोठ्या रेणूचे आणि ओलावा धरून ठेवणारे. कोरड्या, नाजूक त्वचेसाठी मला ते अधिक पसंत आहे.

मँडेलिक आम्ल मूळचे कडू बदामापासून मिळवलेले. त्याच्या रेणूचे वजन १५२, ग्लायकोलिकचे ७६, म्हणजे बरोबर दुप्पट; त्यामुळे ते सावकाश आणि एकसारखे आत जाते, चुरचुर कमी होते आणि नंतर काळपटपणा येण्याची भीतीही कमी राहते. सावळ्या त्वचेवरचे मुरमांचे डाग आणि सोबत वांग, अशा तुमच्यासारख्या चेहऱ्यासाठी मी पहिले पील म्हणून हेच निवडते. त्याचा परिणाम हळू दिसतो हे खरे, पण तुमच्या हातात जवळजवळ पाच महिने आहेत.

सॅलिसिलिक आम्लाचा गुण असा की ते तेलात विरघळते, म्हणून तेलकट छिद्रांच्या आत पोहोचून तिथला साका मोकळा करते, आणि दाहही कमी करते. २० ते ३० टक्क्यांचे पील लावले की काही मिनिटांत चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते; ती द्रावक उडून गेल्यावर उरलेल्या आम्लाचे स्फटिक असतात, जळल्याची खूण नव्हे, आणि त्यानंतर आम्ल आणखी फारसे आत जात नाही. तुमची मुरमे अजून येत असतील तर हनुवटी आणि जबड्यापुरते हे वापरता येईल. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे पील टाळावे. एकाच चेहऱ्यावर दोन जागी दोन आम्ले लावण्यात गैर काही नाही. उलट जो डॉक्टर भाग पाहून आम्ल बदलतो त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

आणि आता ती बाटली. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल, टाके सैल करत नाही. ते प्रथिने गोठवते, अंडे शिजताना पांढरे होते तसे. त्वचा पांढरी पडते तिला आम्ही फ्रॉस्ट म्हणतो आणि तिची छटा पाहून किती खोल गेलो ते ठरवतो. हे आम्ल सोड्याने किंवा पाण्याने निष्प्रभ करता येत नाही. पांढरेपणा दिसेपर्यंत काम होऊन गेलेले असते. १० ते २० टक्क्यांचे थोडे थर वरवर राहतात, ३५ टक्क्यांच्या आसपास ते मध्यम खोलीपर्यंत उतरते, आणि ५० टक्क्यांपलीकडे पूर्ण चेहऱ्यावर व्रण राहण्याचा धोका असतो. शिवाय त्वचेवरील तेल किती काढले, किती थर दिले, कापूस किती ओला होता यांवरही खोली बदलते. घरी आरशात पाहत ३० टक्क्यांचे टीसीए लावणे म्हणजे आपल्या प्रकारच्या त्वचेवर गडद डाग, जंतुसंसर्ग आणि कायमचे व्रण यांना वाट करून देणे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२४ मध्ये अशी तीव्र पील विकत घेऊन तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय वापरू नयेत असा इशारा दिला. टीसीए मीही वापरते, पण अरुंद, खोल खड्ड्यांच्या तळाशी दातकोरणीच्या टोकाने टिंब ठेवण्यासाठी. पूर्ण चेहऱ्यासाठी क्वचित. फिनॉलच्या खोल पीलचा विचार आपल्या त्वचेसाठी करूच नये. त्याने कायमचा रंगफरक राहतो आणि ते रक्तात शोषले गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगते, कारण तुमच्या निर्णयात तिचा उपयोग होईल. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार ताई वांगाचे डाग घेऊन आल्या. त्वचेची पूर्वतयारी दोन आठवड्यांचीच झाली होती, दिवस एप्रिलचे होते, पण त्यांचा आग्रह होता आणि मीही ३५ टक्के ग्लायकोलिक पील केले. चार दिवसांनी त्या खरड छाटणीसाठी बागेत उभ्या होत्या. मी त्यांना सनस्क्रीन लिहून दिले होते, पण दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला घामात ते दर दोन तासांनी कसे लावता येणार, याचा विचार मी केला नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांचे वांग दुप्पट गडद झाले आणि पूर्वीच्या रंगावर यायला आठ महिने लागले. तेव्हापासून मी आम्लाची निवड करण्याआधी त्या माणसाचा दिवस कसा जातो ते विचारते: किती वाजता बाहेर पडता, डोके-चेहरा झाकता का, चुलीपुढे किंवा भट्टीजवळ काम आहे का. त्वचेच्या प्रकाराइतकेच महत्त्व या उत्तरांना आहे.

तुमच्या बाबतीत हे उत्तर म्हणजे रोजचा दुचाकीचा प्रवास. आता जुलै आहे, आभाळ भरलेले असते, म्हणून ऊन नाही असे वाटेल. पण नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ढग उष्णता कमी करतात, अतिनील किरणे मात्र बऱ्याच प्रमाणात खाली येतात. म्हणून आजपासूनच एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले, व्यापक संरक्षण देणारे सनस्क्रीन, आणि वांग असल्यामुळे शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर पिळून जेवढे बसते तेवढे चेहरा-मानेला लावा. सकाळी निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे, आणि संध्याकाळी परतीच्या वेळी ऊन असेल तर पुन्हा. स्कार्फ वापरत असाल तर सुती, सैल आणि रोज धुतलेला असावा. घामट, घट्ट बांधलेला सिंथेटिक स्कार्फ जबड्यावर घासून नेमकी तिथेच मुरमे आणतो, आणि तुमचे डाग जबड्याच्या कडेने आहेत.

पीलपूर्वी काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी त्यांना सांगा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या आहेत का? पूर्वी या गोळ्या थांबवल्यावर सहा महिने कोणतेही पील करू नये असे सांगत. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी पुराव्यांचा फेरआढावा घेतल्यावर वरवरच्या पीलसाठी एवढे थांबण्याची गरज नाही असे मत पुढे आले, पण खोल उपचारांबाबत सावधगिरी कायम आहे. ओठांभोवती वारंवार पाणी भरलेले बारीक फोड येतात का? येत असतील तर विषाणूविरोधी गोळ्या आधी सुरू कराव्या लागतात. जखमेचा व्रण जाड होऊन वाढण्याची प्रवृत्ती आहे का? आणि गोरेपणासाठी म्हणून मेडिकल दुकानातून आणलेले एखादे मलम लावत होता का? अशा मलमांमध्ये मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. ती चिठ्ठीशिवाय विकण्यावर २०१८ मध्ये केंद्राने निर्बंध आणले तरी ती अजून घराघरांत सापडतात. त्यांच्या वापराने पातळ झालेल्या चेहऱ्यावर सौम्य पीलही भाजल्यासारखे लागते, तेव्हा आधी त्वचा दुरुस्त करावी लागते आणि त्यात काही महिने जातात.

हे सर्व अडथळे नसतील असे धरून मी तुमच्यासाठी असे वेळापत्रक आखीन. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने फक्त सनस्क्रीन, साधे मॉइश्चरायझर आणि तपासणीनंतर दिलेले रात्रीचे मलम. ऑगस्टअखेर कानामागे थोडे मँडेलिक लावून चाचणी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिले पील, आणि मग दर तीन आठवड्यांनी एक, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चार. वांग चेतलेले दिसले तर मधले एक सरळ रद्द करायचे. नवरात्रात सप्तशृंग गडावर पायी जाणार असाल, तर त्याआधीच्या दहा दिवसांत पील घेऊ नका. प्रत्येक पीलपूर्वी पाच-सात दिवस रात्रीचे मलम रेटिनॉइडचे (अ-जीवनसत्त्वाच्या गटातले) असेल तर ते बंद, आणि तेवढेच दिवस ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंगही बंद. नंतर पापुद्रे ओढायचे नाहीत, आठवडाभर सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर पुरे. निस्तेजपणाही या चार पीलमध्येच कमी होईल. त्यासाठी वेगळे पॉलिशिंग करण्याची गरज मला दिसत नाही. मुरमांचे डाग बऱ्यापैकी फिके पडतील. वांग मात्र कमी होईल, पूर्ण जाईल असे मी म्हणत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.

लग्नाच्या आधीच्या तीन आठवड्यांत कोणतेही नवे उत्पादन किंवा नवा उपचार नको. हायड्राफेशियल हवेच असेल तर ऑक्टोबरमध्ये एकदा करून त्वचेला चालते का ते पाहा, आणि चालले तरच लग्नापूर्वी आठ-दहा दिवस पुन्हा करा. हळदीच्या दिवशी मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा की हळद लावावी, चोळू नये. बेसनाचा कोरडा लेप घासून काढण्याऐवजी कोमट पाण्याने भिजवून धुवावा.

पहिल्या तपासणीला, मग ती कोणत्याही डॉक्टरांकडे असो, चेहरा धुऊन मेकअपशिवाय जा, आणि सध्या वापरत असलेल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या व चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्या. त्यात ती टीसीएची बाटलीही ठेवा, म्हणजे ती तिथेच सोपवून येता येईल.